समुद्राचे पाणी गोड करण्यापूर्वी

किनाऱ्यावरच्या गावांत विहिरीचे पाणी मचूळ होऊ लागले, की कोणीतरी विचारतेच, "एवढा समुद्र उशाला आहे, त्याचेच पाणी गोड का करीत नाहीत?" सुरत जिल्ह्यातील ओलपाडच्या किनारपट्टीवर काय, किंवा आमच्या वसईत काय, प्रश्न एकच आहे आणि तो रास्त आहे. पण त्याचे उत्तर यंत्रातील पडद्यापेक्षा पडद्याआधीच्या गाळणीत आहे, असे आमचे मत आहे.

समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. हे पाणी ५५ ते ७० बार दाबाने एका अतिसूक्ष्म पडद्यावर ढकलतात. मोटारीच्या चाकातील हवेचा दाब दोन-अडीच बार असतो, यावरून कल्पना यावी. गोडे पाणी पडद्यापार जाते, मीठ मागे राहते. शंभर लिटरांतून चाळीस-पंचेचाळीस लिटर गोडे पाणी हाती येते.

ज्यांच्या वाडीत ठिबक आहे, त्यांना पुढचे सांगायला नको. वाळूची गाळणी वेळेवर धुतली नाही, की ड्रिपर बुजतात. क्षार बसले की आम्ल सोडावे लागते, शेवाळ धरले की क्लोरीन. पडद्याचेही तसेच आहे. त्यावर गाळ बसतो, चुन्याचा थर धरतो, आणि सूक्ष्म जीवांचा बुळबुळीत लेप चढतो. मग दाब वाढवावा लागतो, वीज जास्त जळते, पाणी कमी मिळते आणि महागडा पडदा मुदतीआधीच बदलावा लागतो. शिवाय ठिबकच्या नळीला क्लोरीन सोसते, पडद्याला सोसत नाही. जंतू मारण्यासाठी घातलेले क्लोरीन पडद्यापूर्वी काढून टाकावेच लागते.

सुरतेजवळचा समुद्र तर खंबातच्या आखाताचा. तापी, नर्मदा, मही आणि साबरमती यांचा गाळ त्यात येतो, आणि तेथील जबर भरती-ओहोटी तो खाली बसू देत नाही. असे पाणी आधी निवळण घालून संथ ठेवावे लागते. घरी आपण माठात तुरटी फिरवतो, तोच हा प्रकार. मग वाळूची गाळणी आणि त्याहून बारीक गाळण्या. पाणी पडद्याजोगे झाले की नाही, याची साधी परीक्षा आहे. ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून ते पंधरा मिनिटे सोडतात आणि गाळणी किती बुजली ते मोजतात. हा गाळाचा अंक पाचाच्या आत हवा, तिनाच्या आत असल्यास उत्तम.

सुरतेने यापेक्षा जवळची वाट दाखविली आहे. १९९५ साली सिंगणपूर येथे तापीवर बंधारा झाला. त्यामुळे भरतीचे खारे पाणी खालीच अडते आणि गोडे पाणी वर साठते. पुढे २०१४ साली बमरोली येथे शहराचे सांडपाणी शुद्ध करून पांडेसऱ्याच्या कारखान्यांना देण्याचा प्रकल्प सुरू झाला. त्याची क्षमता दिवसाला चार कोटी लिटरांची. तेथेही बारीक गाळणी आधी आणि पडदा नंतर, हाच क्रम आहे. सांडपाण्यात समुद्राच्या मानाने मीठ फार थोडे, म्हणून दाबही कमी लागतो. कारखान्याने वापरलेले पाणी घेतले, की तेवढे नदीचे पाणी माणसांसाठी व पिकांसाठी मोकळे होते.

म्हणून आमचे म्हणणे असे, की आधी पावसाचे पाणी विहिरीत मुरवावे, उपसा आवरावा, शहरांनी आपले सांडपाणी कारखान्यांना द्यावे. समुद्राचे पाणी हा शेवटचा उपाय, आणि तोही पिण्यापुरता. भातशेतीला ते परवडणारे नाही.

तरीही असा प्रकल्प दाराशी आला, तर गावसभेत तीन प्रश्न जरूर विचारा. पाणी कोठून उचलणार? पडद्याआधी ते कसे गाळणार? आणि उरलेले, जवळजवळ दुप्पट खारट पाणी कोठे सोडणार? तिसऱ्या प्रश्नाशी आपल्या कोळी बांधवांचे पोट बांधलेले आहे. नीट उत्तरे मिळाल्याशिवाय मान डोलवू नये.