मला सावित्री म्हणू नका

यंदाच्या वटपौर्णिमेला आमच्या आळीतल्या बायकांनी वडाला सूत गुंडाळून झाल्यावर माझी ओटी भरली आणि एकजण सगळ्यांदेखत म्हणाली, "सावित्री पाहायची तर आमच्या बाईंना बघा!" बालवाडीत शिकवते म्हणून आळी मला बाई म्हणते. मी हसून ओटी घेतली, घरी आले आणि भांडी आपटली. तो राग अजून उतरलेला नाही.

हकीगत थोडक्यात अशी. भिवंडीच्या यंत्रमागांवर उमेदीची वर्षे घालवलेल्या माझ्या नवऱ्याची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली. २०१७ साली मी माझे एक दिले. सात वर्षे बरी गेली आणि मग त्यांच्या मानेत, काखेत गाठी आल्या. लसिकाग्रंथींचा कर्करोग. परके मूत्रपिंड शरीराने झिडकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दडपणाऱ्या गोळ्या रोज घ्याव्या लागतात. अशा दडपलेल्या शरीरात एपस्टाइन-बार नावाचा विषाणू कधीकधी डोके वर काढतो आणि पेशी बेसुमार वाढू लागतात. म्हणून उपचाराची पहिली पायरी म्हणजे त्याच गोळ्या कमी करणे! गाठ विरावी तर मूत्रपिंड धोक्यात, मूत्रपिंड राखावे तर गाठ माजते. आणि ते मूत्रपिंड माझे. रक्ताचा अहवाल हातात घेताना मी यांच्यासाठी भिते की माझ्या गेलेल्या अवयवासाठी, हे माझे मलाच कळत नाही.

तराजू डॉक्टर धरतात, हे मान्य. पण त्याची दांडी घरात चोवीस तास कोण सांभाळते? गोळी सकाळी आठला आणि रात्री आठला. रक्तातले औषध मोजायचे त्या दिवशी मात्र सकाळची गोळी रक्त दिल्यावरच. म्हणून ती पदराला बांधल्यासारखी जपत भिवंडीहून ठाण्यापर्यंत एस.टी. आणि तिथून परळपर्यंत लोकल. ताप आला तर वाट पाहायची नाही. गणपतीत कोणी पपनस आणले तर ते परत पाठवायचे, कारण त्याने रक्तातले औषध वाढू शकते. आणि सर्वांत अवघड काम म्हणजे प्रेमळ नातेवाइकांना दारात अडवणे. आमच्या मावससासूबाई गुळवेलीचा काढा घेऊन आल्या. "शक्ती वाढते गं!" अहो, ज्या शक्तीला मुद्दाम निजवले आहे तिला जागे करायला तुम्ही आलात! काढा मी मोरीत ओतला. तेव्हापासून मी नवऱ्याच्या जिवावर उठलेली आहे, असे तिकडे बोलले जाते. वर्षातून एक दिवस सावित्री, बाकीचे दिवस ही पदवी.

माझा आक्षेप स्तुतीला नाही, तिच्या स्वस्ताईला आहे. सावित्री म्हटले की म्हणणाऱ्याचे कर्तव्य संपते. एक रात्र इस्पितळात बसायला कोणी येत नाही, एक दिवस माझी बालवाडी सांभाळायला कोणी येत नाही. मी गेले नाही त्या दिवसाचा पगार कापला जातो. शिवाय गोष्टीतली सावित्री सोशीक होती असे सांगितले कोणी? ती यमाशी वाद घालून जिंकली. आम्ही तिची जीभ टाकून दिली आणि सूत तेवढे ठेवले.

कायदा निदान एकदा तरी विचारतो. अवयवदानाच्या २०१४ च्या नियमांत ताकीद आहे की दाती स्त्री असेल तर अधिक काळजी घ्यावी आणि तिची संमती स्वतंत्र आहे की नाही, हे रुग्णाखेरीज दुसऱ्याकडून पडताळावे. मलाही विचारले, मी हो म्हटले, आणि ते खरे होते. पण केंद्राच्या प्रत्यारोपण संस्थेचे आकडे वाचले तेव्हा झोप उडाली. १९९५ ते २०२१ या काळात देशात ३६,६४० प्रत्यारोपणे झाली. त्यांत अवयव मिळालेल्या स्त्रिया ६,९४५. बाकी सगळे पुरुष. स्त्रियांची मूत्रपिंडे काय पोलादाची असतात? माझी बिघडली असती तर आमच्या घरात कोण उठले असते, हा प्रश्न मी यांना विचारला. हे बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "आईने मला देऊ दिले नसते." खोटे बोलले नाहीत, एवढे मी त्यांच्या बाजूने लिहिते.

रोग्याबरोबर एक जिवंत माणूस असते आणि त्याला भूक, झोप, भाडे असते, हे कोणालाच समजले नाही असे नाही. रेल्वेला समजले आहे. कर्करोग्याच्या एका सोबत्यालाही ती भाड्यात सवलत देते. त्याआधी गाडगेबाबांना समजले होते. खराटा घेऊन हिंडणाऱ्या त्या निरक्षर माणसाने धर्मशाळा बांधल्या. दादरला त्यांच्या नावाच्या मिशनच्या धर्मशाळेत आजही परळला उपचार घेणारे कर्करोगी आपल्या माणसांसह राहतात. बाबा १९५६ साली गेले. आम्ही साक्षर मंडळी तेव्हापासून ओट्या भरतो आहोत.

आणि मी स्वतः? माझ्या कादंबऱ्यांतल्या बायका पाहा. उशाशी बसून, डोळे पुसून, सगळे सोसणाऱ्या. वाचकांना त्या आवडल्या, त्यांची पत्रेही आली. त्यांतल्या एकीलाही मी रात्रीची गोळी चुकवल्याबद्दल नवऱ्यावर ओरडू दिले नाही, की जागरणाचा कंटाळा येऊ दिला नाही. मला कंटाळा येतो. येत्या सोमवारी पुन्हा रक्त द्यायचे आहे. बालवाडीला रजा मागितली आहे, बिनपगारी. ज्या बाईने मला सावित्री म्हटले, तिला मी काल सांगितले की त्या दिवशी माझी वीस पोरे दोन तास सांभाळ. ती म्हणाली, विचारून सांगते.