सुरात शिकलेले विज्ञान

सेमी-इंग्रजी वर्गातले मूल घरी ‘कपडे वाळले’ म्हणते आणि शाळेत ‘इव्हॅपोरेशन’ पाठ करते. दोन्ही एकच, हे मात्र त्याला ठाऊक नसते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने विज्ञान-गणितासाठी द्विभाषिक साहित्याची शिफारस केली. पुण्यात १९६७ साली स्थापन झालेल्या ‘बालभारती’च्या पाठ्यपुस्तकांना दोन भाषांतल्या गाण्यांची जोड मिळाली, तर हा सांधा सहज जुळेल.

पद्यातून शिकवणे आपल्याला नवे नाही. भास्कराचार्यांनी ११५० साली ‘लीलावती’त गणित श्लोकबद्ध केले. आपले आजोबा पावकी, निमकी, दिडकी सुरात म्हणत. पण ती टिकली केवळ सुरामुळे नव्हे. बाजारात रोज हिशेबाला लागत म्हणून!

नेमकी हीच गोष्ट विसरता कामा नये. मराठी शब्दाच्या जागी इंग्रजी शब्द बसवून केलेले गाणे म्हणजे दोन भाषांतली घोकंपट्टी. अर्थ आधी मराठीत उमगावा, इंग्रजी नाव मागून यावे. आणि गाणे संपल्यावर पाण्याची एक वाटी उन्हात, एक सावलीत ठेवावी. आधी कोणती आटते, ते मुलांनीच पाहावे.