थंडीतले हैदराबाद आणि तीन दिवसांची मेहमानी

डिसेंबर लागला की आमच्या नायगावात हैदराबादची बोलणी सुरू होतात. सोयाबीनचा पैसा हाती आलेला असतो, शेतात तुरीच्या शेंगा भरलेल्या असतात, कुणाच्या घरी लग्न ठरलेले असते. मग कुणी नरसी-देगलूरवरून बसने निघतो, कुणी धर्माबादहून रेल्वेने. अंतर दोनशे किलोमीटरच्या वर. पण 'परराज्यात चाललो' असे कुणीच म्हणत नाही. 'जरा हैदराबादला जाऊन येतो' म्हणतात, जणू नांदेडच्या बाजाराला निघाले आहेत.

याला कारण आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत नांदेड जिल्हा निजामाच्या राज्यात होता. वरचे कोर्ट तिकडे, १९१८ साली सुरू झालेले उस्मानिया विद्यापीठ तिकडे, मोठा दवाखाना आणि मोठी नोकरीही तिकडेच. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि मराठवाडा मुंबई राज्यात आला. नकाशा बदलला, नाती तशीच राहिली. आजही आमच्या भागात असे घर विरळाच, ज्याची एखादी फुप्पू, खाला किंवा चुलतभाऊ हैदराबादेत नाही. म्हणून उतरायचे कुठे, हा प्रश्नच कुणाला पडत नाही. नेमके याच न पडणाऱ्या प्रश्नाविषयी या महिन्यात बोलायचे आहे.

काही वर्षांपूर्वी जानेवारीत आम्ही सहकुटुंब जुन्या शहरात एका चुलतभावाकडे उतरलो. आम्ही मुलाबाळांसह सहा जण, त्यांच्या दोन खोल्या. ठरले होते चार दिवस, राहिलो आठ. रोज सकाळी भाभी खिचडी, खीमा आणि खट्टा समोर ठेवत. रात्री कधी बगारा खाना आणि दालचा, कधी आणखी काही. आम्ही 'माशाअल्लाह' म्हणत जेवत होतो आणि दिवसभर शहर पाहत होतो.

सहाव्या दिवशी फज्रच्या आधी जाग आली. पाणी प्यायला उठलो, तर भावाचा मोठा मुलगा जिन्यात शाल पांघरून मोबाइलच्या उजेडात पुस्तक वाचत बसलेला. त्याची दहावीची परीक्षा मार्चमध्ये होती. आत पाहिले, तर भाभी स्वयंपाकघरात फरशीवर एका पातळ चादरीत झोपलेल्या. घरातल्या सगळ्या रजया आमच्या अंगावर होत्या.

उन्हाळ्यातला पाहुणा गच्चीवर झोपतो, गार पाण्याने अंघोळ करतो. थंडीतल्या पाहुण्याला आतली जागा लागते, पांघरूण लागते, गरम पाणी लागते. त्यात त्या घरी नळ एक दिवसाआड. हे सारे आम्हाला पहिल्या रात्रीच दिसायला हवे होते. दिसले सहाव्या पहाटे. तरीही आम्ही लगेच निघालो नाही, कारण खरेदी राहिली होती. निघताना भाभी म्हणाल्या, "और दो दिन रुक जाते तो अच्छा था." आवाजात तक्रार अजिबात नव्हती. त्यामुळेच ते शब्द आजही मनातून जात नाहीत.

मेहमाननवाजीची हदीस आपण लहानपणी मकतबमध्येच ऐकतो. ह. अबू शुरैह (रजि.) यांनी सांगितलेली ही हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. अल्लाहवर आणि आखिरतवर ज्याची श्रद्धा आहे त्याने पाहुण्याचा आदर करावा. एक दिवस-रात्र खास पाहुणचार, एकूण मेहमानी तीन दिवसांची आणि त्यापुढे जे दिले जाईल ते सदका. इथपर्यंत सगळ्यांना पाठ असते. पण त्याच हदीसमध्ये पुढे पाहुण्यालाही बजावले आहे: यजमान अडचणीत येईल इतका मुक्काम करणे त्याला हलाल नाही. यजमानाचे कर्तव्य आपण मुलांना शिकवतो, पाहुण्याचे शिकवायचे विसरतो. आम्हीही विसरलो होतो.

सूरह अहजाबमध्ये तर दावतीला आलेल्यांना सांगितले आहे की जेवण झाल्यावर गप्पा मारत बसू नका, त्याचा प्रेषितांना (स.) त्रास होतो, पण ते संकोचाने तुम्हाला काही म्हणत नाहीत. प्रत्यक्ष प्रेषितांना जिथे संकोच वाटला, तिथे आपली भाभी किंवा खाला तोंडाने 'आता पुरे' कसे म्हणेल? ते आपणच ओळखायचे असते.

मग हैदराबादला जाऊच नये का? जरूर जावे, आणि थंडीतच जावे. जानेवारीत तिथली पहाट साधारण पंधरा अंशांच्या आसपास असते आणि दुपारचे ऊन सोसते. मुलांना आणि वृद्धांना घेऊन फिरायला याहून चांगला काळ नाही. फक्त नीट आखणी केली, तर तीन दिवस पुरतात.

पहिला दिवस नातलगांसाठी ठेवावा. बसा, बोला, मुलांना एकमेकांत मिसळू द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी गोवळकोंडा. तिथल्या फतेह दरवाजाखाली टाळी वाजवली की वर बाला हिसारपर्यंत ऐकू जाते, हे मुलांना करून बघू द्यावे. जवळच कुतुबशाही घराण्याच्या कबरी आहेत. संध्याकाळी नामपल्लीच्या मैदानावरची नुमाइश. १९३८ साली बाग-ए-आममध्ये उस्मानियाच्या पदवीधरांनी छोट्या प्रमाणावर सुरू केलेले हे प्रदर्शन पुढे नामपल्लीला आले. एरवी ते दरवर्षी १ जानेवारी ते १५ फेब्रुवारी या काळात भरते. काश्मीरच्या शालीपासून लखनौच्या चिकनपर्यंत सारे एका जागी मिळते. एक दिवस फक्त स्त्रिया आणि मुलांसाठी राखण्याची प्रथाही आहे. तो कोणता, हे आधी विचारून घ्यावे.

तिसऱ्या दिवशी सालारजंग संग्रहालय, मग चारमिनार आणि मक्का मशीद. संग्रहालय शुक्रवारी बंद असते, म्हणून तिसरा दिवस शुक्रवार येऊ देऊ नये. तिथल्या घड्याळातून दर तासाला एक छोटा पुतळा बाहेर येऊन ठोके देतो. मुले त्यापुढून हलत नाहीत. चारमिनार १५९१ चा. मक्का मशिदीचे काम कुतुबशाहीत सुरू झाले आणि औरंगजेबाच्या काळात पूर्ण झाले. लाड बाजार शेजारीच आहे. बांगड्यांची यादी घरूनच करून न्यावी, नाही तर तीनाचे आठ दिवस इथेच होतात. आमचे तसेच झाले.

प्रवासात नमाजची सवलतही लक्षात असू द्यावी. हनफी मतानुसार सुमारे ७८ किलोमीटरहून लांबच्या प्रवासाला निघालेला आणि पंधरा दिवसांहून कमी मुक्कामाचा इरादा असलेला माणूस मुसाफिर ठरतो. तो जुहर, असर आणि इशाच्या चार फर्ज रकातींऐवजी दोन अदा करतो. फज्र आणि मगरिब तशाच राहतात. स्थानिक इमामाच्या मागे मात्र पूर्ण नमाज पढावी. अल्लाहने प्रवाशाचे ओझे हलके केले आहे, ते आपण यजमानाच्या डोक्यावर ठेवू नये.

आता आम्ही पाळतो त्या चार गोष्टी. निघण्याआधी फोन करून 'येऊ का?' असे विचारतो आणि परतीचा दिवस त्याच फोनवर सांगतो. घरात परीक्षा, आजारपण किंवा दुसरे पाहुणे असतील, तर लॉजमध्ये उतरतो आणि एका वेळेच्या जेवणाला भेटायला जातो. पांघरुणे आपली आपण नेतो. आणि रिकाम्या हाताने जात नाही: नवी तूरडाळ, ज्वारी, हरभऱ्याचे डहाळे. शहरात विकत मिळणार नाही असे काही नाही, पण आपल्या शेतातल्या डाळीचा वास वेगळा.

दवाखान्यासाठी जावे लागते तेव्हा गोष्ट निराळी. आजार तीन दिवसांत आटोपत नाही. अशा वेळी रुग्णासोबत एकानेच थांबावे, बाकीच्यांनी परतावे. मुक्काम लांबणार असेल, तर दवाखान्याजवळ खोली घ्यावी. ते जमत नसेल, तर घरातल्या किराण्याचा भार आपणहून उचलावा. पैसे पुढे केले तर कुणी घेत नाही. तांदळाची गोणी आणि तेलाचा डबा दारात उतरवला तर परत पाठवता येत नाही.

आणि शेवटचे. आपण दरवर्षी जातो, पण ती माणसे आपल्याकडे किती वेळा येतात? संक्रांतीच्या सुमारास तेलंगणातल्या शाळांना काही दिवस सुट्टी असते, आणि साधारण त्याच दिवसांत आमच्याकडे हुरड्याला सुरुवात होते. गेल्या वर्षी आम्ही हट्टाने भाऊ-भाभींना नायगावला बोलावले. जिन्यात बसून अभ्यास करणारा तो मुलगा आता कॉलेजात आहे. आगटीशेजारी बसून त्याने गरम हुरडा खाल्ला आणि राखेने हात काळे करून घेतले. त्या रात्री भाभींना आम्ही घरातली सर्वांत जाड रजई दिली.

चौथ्या दिवशी सकाळी त्या निघाल्या. आम्ही मनापासून म्हणालो, "और दो दिन रुको ना." त्या हसून म्हणाल्या, "तीन दिन हो गए."