आमचा कागद तुम्हाला कळतो का?



या पानावर आम्ही एरवी खत, पाणी, बेणे असेच विषय काढतो. आजचा विषय लिहिण्याचा आहे. ऊस विकास खात्याला लिहिण्याशी काय करायचे, असे कुणी म्हणेल. पण गेल्या हंगामात आमच्याच एका कागदापायी एका सभासदाचा ऊस लोळला, म्हणून हे लिहिणे भाग आहे.

झाले असे की, सुरू उसासाठी आम्ही परिपत्रक काढले. त्यात कृषी विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे 'नत्र, स्फुरद, पालाश २५०:११५:११५ किलो प्रति हेक्टर' असे छापले. शास्त्राच्या दृष्टीने त्यात चूक नाही. पण सातबाऱ्यावर हेक्टर-आर असले तरी आपल्या बोलण्यात एकर आणि गुंठेच असतात. त्या सभासदाने आकडा एकराचा धरला. अडीचशे किलो नत्र म्हणजे युरियाची बारा पोती, असा दुकानात हिशेब झाला आणि तेवढा युरिया एकरात पडला. ऊस काळाभोर हिरवा झाला आणि पावसाळ्यात आडवा झाला. आम्ही बघायला गेलो तर तो म्हणाला, "साहेब, तुमच्याच कागदावर होतं की!" आमच्याकडे उत्तर नव्हते.

चूक कुणाची? आमचे स्पष्ट मत आहे की, चूक लिहिणाराची, म्हणजे आमची. तोच मजकूर असा लिहिता आला असता:

सुरू ऊस, एक एकर म्हणजे ४० गुंठे. युरिया ४५ किलोची ५ पोती. त्यातले लागणीला अर्धे पोते, सहा ते आठ आठवड्यांनी २ पोती, बारा ते सोळा आठवड्यांनी अर्धे पोते, मोठ्या बांधणीला २ पोती. सिंगल सुपर फॉस्फेट ५० किलोची पावणेसहा पोती आणि म्युरेट ऑफ पोटॅश दीड पोते. या दोन्हींचा अर्धा भाग लागणीला, अर्धा मोठ्या बांधणीला. माती तपासली असेल तर अहवालाप्रमाणे कमी-जास्त करावे.

शास्त्र तेच, शिफारस तीच. फक्त ती वाचणाराच्या मापात उतरवली. पोत्याचे वजनही लिहायलाच हवे. युरियाचे पोते पूर्वी ५० किलोचे होते, २०१८ पासून ते ४५ किलोचे झाले. नुसते 'पाच पोती' म्हटले तर जुना हिशेब डोक्यात असणारा माणूस फसतो.

महात्मा फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. वाचता न येणारा शेतकरी कागदापायी कसा नाडला जातो, हे त्यांनी त्यात मांडले. आज आपल्या सभासदांची मुले पदवीधर आहेत. वाचायला येते, पण कागदच कळेना, तर दोष कुणाला द्यायचा?

खरे सांगायचे तर आम्हाला हे कुणी शिकवलेच नाही. पदविकेला असताना आम्ही परीक्षेची उत्तरे लिहायला शिकलो. ती तपासणारे मास्तर विषय जाणणारे. बांधावर वाचणाराला मात्र आज संध्याकाळपर्यंत काय करायचे एवढेच हवे असते. हे लिहिणे वेगळे आहे आणि ते शिकता येते. आपल्या नाशिकलाच १९८९ पासून यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. तिथले शेतीचे अभ्यासक्रम मराठीतून आहेत आणि विद्यार्थी बराचसा अभ्यास घरी बसून करतो. शेजारी मास्तर नसताना पुस्तकानेच समजावून सांगायचे, अशी त्या पुस्तकांची मांडणी असते. आमचे परिपत्रकही तसेच असायला हवे.

त्यासाठी फार मोठी विद्वत्ता लागत नाही. एका वाक्यात एकच काम सांगावे. कामे ज्या क्रमाने करायची त्याच क्रमाने लिहावीत. 'जिवाणूंची प्रक्रिया औषधाच्या प्रक्रियेनंतर करावी' असे लिहिण्यापेक्षा 'आधी बेणे औषधात बुडवा, मग जिवाणूंच्या द्रावणात' असे लिहिले तर घोटाळा होत नाही. आणि छापण्याआधी तो कागद एका चिटबॉयला व एका सभासदाला वाचायला देऊन विचारावे, "आता तुम्ही काय करणार, सांगा." त्यांनी चुकीचे सांगितले तर कागद बदलावा, त्यांना दोष देऊ नये.

कुणी म्हणेल, आता मोबाईलचा जमाना आहे, कागद कोण वाचतो? पण मोबाईलवरचा निरोपही कुणीतरी लिहिलेलाच असतो. उलट तो चुकला तर घटकाभरात गावभर होतो.

आता थोडे तुमच्याकडेही. आमच्याकडे अर्ज येतात, 'माझा ऊस वेळेवर तोडावा ही नम्र विनंती.' बाकी कोरे! सभासद नंबर, गाव, गट नंबर, क्षेत्र, उसाची जात, लागणीची तारीख, लागण की खोडवा, एवढे सात शब्द असले की तोडणीच्या क्रमात तुमची नोंद लगेच सापडते. जातही पुरती लिहावी: को ८६०३२ किंवा फुले २६५. 'नवीन जात' असे लिहिले तर आम्ही काय समजायचे?

गाळप बंद असताना शेतकी खात्याच्या सर्व कर्मचाऱ्यांसाठी दोन दिवसांचा लेखनवर्ग घ्यावा, असे आमचे म्हणणे आहे. माती परीक्षणावर आपण खर्च करतो. त्या अहवालातली शिफारस शेतकऱ्याला कळावी यासाठी दोन दिवस देणे जड नाही.

तोवर एक विनंती. आमच्या परिपत्रकातली जी ओळ कळली नाही, तिच्याखाली रेघ मारून तो कागद गट ऑफिसात आणून द्यावा. त्यात संकोच करू नये. ओळ कळली नाही याची लाज वाटायची तर ती आम्हाला वाटली पाहिजे.



— ऊस विकास अधिकारी