गोल मोजणाऱ्यांनी वेतनही मोजावे

खेळातील यशाचा जमाखर्च मांडताना आपल्याकडे जमेची बाजू ठळक अक्षरांत लिहिली जाते आणि खर्चाची बाजू कोरी राहते. गोल, पदके, सत्कार यांची नोंद होते. त्यामागे राबलेल्या शरीराला कोणी, किती आणि किती काळ वेतन दिले, हे विचारणे मात्र अरसिकपणाचे मानले जाते. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हाच प्रश्न आधी सुचतो. भारतातील एका नामवंत महिला आघाडीपटूची कारकीर्द या दृष्टीने तपासण्यासारखी आहे.

मणिपूरच्या बालादेवी २००५ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, भारताकडून प्रथम खेळल्या. त्या वेळी देशात महिला फुटबॉलची राष्ट्रीय लीग नव्हती. ती अवतरली २०१६-१७ च्या हंगामात. म्हणजे उमेदीची अकरा-बारा वर्षे या खेळाडूने देशासाठी गोल केले आणि त्या श्रमाला बाजारात भाव नव्हता. त्यांची चूल पेटती ठेवली ती मणिपूर पोलीस दलातील नोकरीने. २०१८-१९ च्या लीगमध्ये त्यांनी सर्वाधिक, म्हणजे २६ गोल केले, तेही पोलिसांच्याच संघाकडून. जानेवारी २०२० मध्ये ग्लासगोच्या रेंजर्स क्लबने त्यांच्याशी अठरा महिन्यांचा करार केला. युरोपात व्यावसायिक करार मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला फुटबॉलपटू म्हणून त्यांचा गौरव झाला. तेव्हा त्या तिशीच्या उंबरठ्यावर होत्या. पुरुष खेळाडूची कारकीर्द ज्या वयात उताराला लागते, त्या वयात या स्त्रीला खेळाचे पहिले खरे वेतन मिळाले! पुढे गुडघ्याच्या दुखापतीने त्यांना दीर्घकाळ मैदानाबाहेर ठेवले. तरीही त्या परतल्या आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये पाकिस्तानविरुद्ध त्यांनी आपला पन्नासावा आंतरराष्ट्रीय गोल नोंदवला.

यातून निघणारा निष्कर्ष स्पष्ट आहे. खाजगी भांडवल आले ते पीक तयार झाल्यावर. पेरणीचा आणि राखणीचा खर्च सार्वजनिक तिजोरीने केला. बाजाराचे गोडवे गाणाऱ्यांनी हा हिशेब नजरेआड करू नये.

यावर एक ठरावीक उत्तर मिळते: प्रेक्षक येत नाहीत, म्हणून पैसा नाही. परंतु मागणी ही काही आकाशातून पडत नाही. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर महिलांचा सामना पाहण्यास सुमारे ५३ हजार प्रेक्षक जमले होते. त्यात खेळणारा डिक-केर संघ हा प्रेस्टनच्या कारखान्यातील कामगार स्त्रियांचा. पुढच्याच वर्षी इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने आपल्या सदस्य क्लबांची मैदाने महिलांना बंद केली आणि ही बंदी जवळजवळ पन्नास वर्षे टिकली. मागणी मेली नाही, ती मारली गेली. आपल्याकडे बंदी घालण्याची गरजच भासली नाही. दुर्लक्षाने तेच काम चोख केले. गोव्याच्या योलांडा डिसोझा यांच्यासारख्या खेळाडूंच्या पिढीने भारताचे नाव आशियात नेले, १९८३ साली आशियाई स्पर्धेचे उपविजेतेपद मिळाले. पण त्या यशातून एकाही मुलीला फुटबॉलवर जगता येईल अशी व्यवस्था उभी राहिली नाही.

आता परिस्थिती बदलते आहे, हे मान्य केले पाहिजे. २०२३ मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने जाहीर केले की, राष्ट्रीय लीगमधील आठ क्लबांपैकी प्रत्येकाने किमान दहा भारतीय खेळाडूंशी वर्षाला निदान ३ लाख २० हजार रुपयांचा करार करावा. पाऊल स्वागतार्ह आहे. पण गणित मांडा: महिन्याला साडेसव्वीस हजारांच्या आसपास, आणि अशा हमीच्या जागा सबंध देशात ऐंशी! बाकीच्या हजारो मुलींनी कशाच्या भरवशावर खेळायचे?

हा प्रश्न रत्नागिरीत बसून विचारण्याला विशेष अर्थ आहे. चाकरमान्याच्या मनिऑर्डरीवर कोकण जगले, असे आपण सांगत आलो. पण मागे राहून भाताची लावणी, गुरेढोरे, म्हातारी माणसे सांभाळणाऱ्या स्त्रीच्या श्रमाची मनिऑर्डर कधी कोणाच्या नावे निघाली नाही. खेळणाऱ्या मुलीच्या श्रमाकडेही आपण त्याच नजरेने पाहतो. फुटबॉल असो वा आपल्या जिल्ह्यातील मुलींनी गाजवलेला खो-खो, मुलगी सोळा-सतरा वर्षांची झाली की घरात एकच प्रश्न उभा राहतो: यातून पुढे काय? पालकांना प्रतिगामी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. वास्तविक त्यांचा प्रश्न शुद्ध आर्थिक आहे आणि त्याचे उत्तर देण्याची जबाबदारी समाजाची आहे. शासकीय नोकऱ्यांतील खेळाडूंचे पाच टक्के आरक्षण हे एक उत्तर आहे खरे. परंतु ते वरच्या पायरीवर पोहोचलेल्यांसाठी. मधल्या पायरीवर गुडघा मोडलेल्या मुलीसाठी काय आहे?

अमेरिकेच्या महिला फुटबॉलपटूंनी याचे उत्तर संघटित होऊन मिळवले. २०१९ च्या महिला दिनी २८ जणींनी आपल्याच महासंघावर दावा लावला. २०२२ मध्ये २ कोटी ४० लाख डॉलरची तडजोड आणि समान वेतनाचे वचन पदरात पडले. १ जानेवारी २०२१ पासून फिफाच्या नियमांनी व्यावसायिक खेळाडूला किमान चौदा आठवड्यांची, दोन-तृतीयांश वेतनासह प्रसूतिरजा दिली. यातली एकही गोष्ट टाळ्यांतून आली नाही. खेळाडू ही कामगार आहे, ही भूमिका घेतल्यावरच ती आली.

तेव्हा आपल्या साथींनी यापुढे एखाद्या गुणी मुलीचा सत्कार योजताना व्यासपीठावरील पाहुण्यांना तीन प्रश्न जरूर विचारावेत. हिचा विमा कोणी उतरवला आहे? हिच्या आहाराचा आणि शिक्षणाचा खर्च कोण करतो? आणि दुखापत झाली, तर हिच्या घरी महिन्याला किती रुपये येतील? शाल आणि श्रीफळ यांनी या तिन्हींचे उत्तर मिळत नाही.