बंब मोडीत घालण्याआधी

आमच्या पाटण तालुक्यात हल्ली नवीन स्लॅबचं घर उभं राहिलं की दोन गोष्टी ठरलेल्या असतात. बाथरूममध्ये गिझरचा पॉइंट येतो आणि परड्यातला तांब्याचा बंब मोडीत जातो. मोडवाला तो किलोवर घेतो. त्यातला एखादा पुढे शहराजवळच्या 'गावरान' हॉटेलच्या दारात उभा दिसतो, पोटात मनीप्लांट घेऊन. त्याच्यासोबत सेल्फी काढणारे आणि गावात तो विकणारे यांचं एका गोष्टीवर पक्कं एकमत आहे: ही वस्तू बघायची आहे, वापरायची नाही. माझं भांडण या एकमताशी आहे.

मी इंजिनिअर आहे. दिवसभर कोड लिहितो, महिन्यातला निम्मा वेळ गावातून. गावी असलो की सकाळचा बंब मी पेटवतो. "तुला काय, हौस आहे," हे वाक्य मी चुलतभावाकडून, ऑफिसातल्या मित्रांकडून आणि एकदा तर मोडवाल्याकडूनही ऐकलंय. हौस आहेच, ती लपवायचं कारण नाही. पण माझ्याकडे हिशोबही आहे, आणि तो कुणी ऐकून घेत नाही.

बंब कसा चालतो हे माहीत नसलेली एक पिढी तयार झाली आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. तांब्याचा उभा पिंप. त्याच्या मधोमध तळापासून वरपर्यंत आरपार गेलेलं नळकांडं, खाली जाळी. विस्तव जाळीवर, पाणी नळकांड्याच्या भोवती. आच पाण्याच्या मधून वर जाते, त्यामुळे चारी बाजूंनी पाण्याला लागते. नळकांडंच धुराड्याचं काम करतं, खालून हवा ओढून घेतं, म्हणून एकदा धरला की फुंकणी लागत नाही. जुन्या पद्धतीच्या बंबात तर आणखी एक गंमत आहे. वरच्या नरसाळ्यातून तांब्याभर गार पाणी ओतायचं, ते आतल्या नळीने तळाला जातं आणि वर साठलेलं कढत पाणी तेवढंच तोटीतून बाहेर पडतं. म्हणजे गार पाणी ओतल्याशिवाय गरम मिळतच नाही, आणि बंब कधी कोरडा जळत नाही. ना सेन्सर, ना थर्मोस्टॅट. आमच्या क्षेत्रात असं डिझाइन कुणी केलं असतं तर त्याने त्यावर तीन कॉन्फरन्समध्ये भाषणं दिली असती. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीतल्या कारागिरांनी ते ठोकून ठोकून केलं, आणि आपण त्याला मागास म्हणतो.

आता हिशोब. आंघोळीला वीस लिटर पाणी धरा. वीस अंशांवरून पंचेचाळीसवर न्यायचं तर साधारण २.१ मेगाज्यूल उष्णता लागते. वाळलेल्या एक किलो लाकडात ढोबळमानाने १५ मेगाज्यूल असतात. बंबात त्यातली दोन तृतीयांश वाया गेली असं धरलं तरी एका आंघोळीला चारशे-साडेचारशे ग्रॅम लाकूड पुरतं. पाच माणसांच्या घराला दोन-सव्वादोन किलो. बांधावरच्या सुबाभळीच्या फांद्या छाटल्या, उन्हाळ्यात वाळवून रचल्या, की झालं. छाटलेली सुबाभूळ पुन्हा फुटते, हे तिला कुणी सांगावं लागत नाही.

तेच पाणी विजेवर तापवायचं तर सुमारे ०.६ युनिट. किरकोळ वाटतं ना? ही वीज येते कुठून ते बघा. महाराष्ट्रातली बरीचशी वीज कोळशावर होते. औष्णिक केंद्रात कोळसा जाळून जी उष्णता निघते तिच्यातली जेमतेम एक तृतीयांश विजेत उतरते, बाकीची वातावरणात जाते. मग ती वीज शेकडो किलोमीटर तारांतून आणायची आणि बाथरूममध्ये तिची परत उष्णता करायची. उष्णतेपासून उष्णता करायला मधे एवढा मोठा वळसा! शिवाय जळतं ते काहीतरीच. फक्त तो धूर चंद्रपूरच्या माणसाच्या नाकात जातो, आपल्या नाही. याला आपण 'स्वच्छ' म्हणतो.

"पण तुमच्याकडे कोयना आहे की!" असं म्हणणारा एक तरी भेटतोच. आहे. १,९६० मेगावॅटचा प्रकल्प ज्याच्यावर चालतो ते १०५ टीएमसीचं धरण आमच्याच तालुक्यात आहे, आणि त्याचा अभिमान आम्हालाही आहे. पण तो चालतो कसा? कोयना नदी हेळवाकजवळ पूर्वेला वळून पाटणवरून कऱ्हाडला कृष्णेत जाते. विजेसाठी मात्र तिचं पाणी बोगद्यातून उलट दिशेला, पोफळीच्या बाजूला, सुमारे पाचशे मीटर खाली सोडतात. तिथून ते वाशिष्ठीत आणि पुढे अरबी समुद्रात जातं. एक हजार लिटर पाणी एवढ्या उंचीवरून आणलं की नुकसान वजा जाता साधारण ४.२ मेगाज्यूल मिळतात. म्हणजे वीस लिटर पाणी आंघोळीपुरतं तापवायला पाचशे लिटर पाणी सह्याद्रीवरून खाली ढकलायचं. ते पाणी कृष्णेच्या खोऱ्यात परत येत नाही. माण, खटाव, आटपाडी, जतच्या माणसाला हा आकडा सांगून बघा, तो तुमच्याकडे कसा पाहतो ते.

कोयनेची वीज अशी आहे की बटण दाबलं की काही मिनिटांत उभी राहते. राज्याची मागणी अचानक वाढते तेव्हा तिचा खरा उपयोग. दवाखाने, कारखाने, पाण्याचे पंप, माझा लॅपटॉप, यांना दुसरा पर्याय नाही. त्या विजेसाठी माणसं गावं सोडून दूरच्या जिल्ह्यांत गेली, आणि त्यांच्यातल्या कित्येकांच्या पुनर्वसनाची भांडणं साठ वर्षांनंतरही मिटलेली नाहीत. एवढी किंमत मोजून मिळवलेल्या विजेने पाणी कोमट करायचं, तेही दारात सरपण रचून ठेवलेलं असताना, हे मला पटत नाही.

सोलर? चांगलं आहे. माण-खटावला तर डोळे झाकून लावावं. पण आमच्याकडे जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत सूर्य म्हणजे ऐकीव गोष्ट. नवजाला एका पावसाळ्यात पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडला तरी तिथल्या माणसाला त्याचं काही वाटत नाही. गरम पाण्याची सगळ्यात जास्त गरज असते तेव्हाच सोलर छपरावर भिजत बसतं. त्याच दिवसांत तारांवर झाड पडून लाईट जाते ती दोन-दोन दिवस येत नाही. बंबाला यातलं काही कळत नाही. माळ्यावर कोरडं जळण असलं की तो पेटतो.

आता धुराचं. इथे मी बंबाच्या बाजूचा असलो तरी चुलीच्या बाजूचा नाही, आणि 'चुलीवरची भाकरी' विकणाऱ्यांच्या तर अजिबात नाही. माझी आज्जी आयुष्यात बिडीला शिवली नाही, तरी शेवटची सहा वर्षं तिला दम्याचा पंप लागला. बिनखिडकीच्या स्वयंपाकघरात पन्नास वर्षं चूल फुंकल्याचं ते फळ. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगभरात सुमारे ३२ लाख माणसं मेली. मे २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेतून गावोगावी गॅस पोचला, हे चांगलंच झालं. स्वयंपाकघरात गॅसच हवा.

पण स्वयंपाकघर वेगळं आणि परडं वेगळं. चुलीपुढे बाई रोज तीन-चार तास, तोंड विस्तवाकडे करून बसते. बंब उघड्यावर असतो, पेटवून माणूस दहा पावलं लांब जातो. लाकूड कोरडं असेल तर धूर पहिल्या पाच मिनिटांपुरता. ओलं लाकूड, प्लास्टिक, जुनी चप्पल असलं काही कोंबणाऱ्याची बाजू मी घेत नाही; त्याच्या शेजाऱ्याने खुशाल भांडावं. दाट वस्तीत, सोसायटीत बंब लावा असंही मी म्हणणार नाही. आणि गॅसवर पाणी तापवण्याबद्दल म्हणाल, तर देशात लागणारा निम्म्याहून जास्त एलपीजी आयात होतो. तो भाकरीसाठी जपून वापरावा. बंद बाथरूममधल्या गॅस गिझरने गुदमरून माणसं गेल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात, तरी त्याला कुणी मागास म्हणत नाही.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: सरपण आणतं कोण? डोंगरातून डोक्यावर मोळी घेऊन उतरणाऱ्या रांगेत मी आजवर पुरुष पाहिलेला नाही. बंबाचं कौतुक करणारे लेख पुरुष लिहितात (हाही त्यातलाच) आणि राख बायका काढतात. म्हणून आमच्या घरात सरळ नियम आहे. तोडणं, फोडणं, रचणं, पेटवणं आणि राख काढणं हे काम मी आणि धाकटा भाऊ करतो. आईने बंबाला हात लावायचा नाही. तिला पहिल्या महिन्यात ते पटलं नव्हतं, आता सहाच्या ठोक्याला आतून हाक येते, "पेटला का रं बंब?" ज्या घरातल्या पुरुषांना हे जमणार नसेल त्यांनी खुशाल गिझर लावावा, माझी तक्रार नाही.

जंगलाचं म्हणाल तर कोयना अभयारण्य १९८५ चं, सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१० चा. तिथलं लाकूड तिथल्या जनावरांचं. आमचं जळण बांधावरचं आणि मालकीतलं, तेही छाटणीचं. एक मात्र विचारतो. मालकीतले डोंगरच्या डोंगर ठेकेदार करवतीने साफ करतात, ट्रक भरून लाकूड भट्ट्यांना जातं, तेव्हा पर्यावरणाची आठवण कुणाला होत नाही. ती म्हातारीच्या मोळीकडे बघूनच का होते?

आणि हौस. तीही सांगितली पाहिजे. बाभळीचा ओंडका उभा ठेवून कुऱ्हाडीचा घाव बरोबर चिरेवर बसला की तो 'खट्' करून दोन होतो, तसं समाधान मला कुठल्याही रिलीजनंतर मिळालेलं नाही. रिलीज कधी संपतच नाही. फोडलेल्या लाकडाची भिंत मे महिन्यात छातीपर्यंत येते आणि ती बघून कळतं की पावसाळा निघेल. ऑगस्टमध्ये बंबाखालचे निखारे घमेल्यात काढून सोप्यात आणायचे, वर डालगं पालथं घालायचं आणि त्यावर ओले कपडे. घरभर ऊब पसरते, भिंतींचा कुबट वास जातो. (दारं-खिडक्या उघड्या ठेवूनच. बंद खोलीतले निखारे जीव घेतात.) या निखाऱ्यांसाठी वेगळं काही जाळलेलं नसतं, आंघोळीतून उरलेले असतात. जळण मोजून घालावं लागतं म्हणून पाणीही मोजून घेतलं जातं. शॉवरखाली वीस मिनिटं उभा राहणारा माझा पुण्यातला रूममेट आमच्याकडे आला की दोन बादल्यांत निघतो, कारण तिसरीचं लाकूड त्याला फोडावं लागतं.

आमचंही नवीन घर आता प्लिंथपर्यंत आलंय. कॉन्ट्रॅक्टरने नकाशात दोन गिझर पॉइंट काढून दिले होते. त्यातला एक मी खोडला आणि न्हाणीच्या मागच्या भिंतीला बाहेरून चार फूट रुंद ओटा, वर पत्रा आणि भिंतीतून आत येणारी एक तोटी मागितली. तो म्हणाला, "साहेब, घराचा लुक जाईल." मी त्याला म्हटलं, ओट्याच्या उजव्या अंगाला जळण रचायला सहा फूट जागा सोड, आणि पत्रा पश्चिमेकडून जास्त पुढे घे, पाऊस तिकडून येतो.