मुदतीआधी मोकळे झालेले हात



स्वेच्छानिवृत्ती घेतलेला माणूस वस्तीत लगेच ओळखू येतो. सकाळी सातला दाढी करून तयार, पण जायचे कुठे हे ठाऊक नाही. मग तो दूध आणतो, पेपर दोनदा वाचतो, लाइटबिल भरायला निघतो आणि एका कामाच्या दोन खेपा करतो. चार दिवस घरच्यांना बरे वाटते. पाचव्या दिवशी तो चुलीपाशी येऊन “भाजीला तेल एवढं कशाला?” असे विचारू लागतो! त्या माउलीने कोणाकडे अर्ज करावा? तिच्या नोकरीला ना रविवार, ना निवृत्ती.

अशा बांधवांना माझे सांगणे आहे, की भाऊ, तेल मोजू नका, भाजी चिरा. पहाटे नळ येतो तेव्हा हंडे तुम्ही भरा. रेशनच्या रांगेत तुम्ही उभे राहा. बाबासाहेबांकडे मजूर खाते असताना 1946 साली कारखाना कायदा दुरुस्त झाला आणि बारमाही कारखान्यांतले आठवड्याचे 54 तास 48 वर आले. आपल्या घरातल्या बाईचे तास आपण कधी मोजले काय?

दुसरी गोष्ट पैशाची. आमच्या शेजारचे एक बांधव एकावन्नाव्या वर्षी कारखान्यातून मोकळे झाले. पेन्शन लगेच सुरू करायची म्हणून कागद घेऊन माझ्याकडे आले. सोबत वहिनी होत्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला, “भाऊजी, थांबलं तर किती वाढंल?”

प्रश्न लाखमोलाचा होता. 16 नोव्हेंबर 1995 पासून लागू झालेल्या कर्मचारी पेन्शन योजनेत दहा वर्षे नोकरी भरली की 58 व्या वर्षी पेन्शन मिळते. पन्नाशीनंतर ती आधीही घेता येते. पण जितकी वर्षे आधी, तितक्या प्रत्येक वर्षामागे 4 टक्के कपात. ही कपात 58 वर्षे पूर्ण झाली म्हणून परत मिळत नाही, ती कायमची. मागे राहणाऱ्या पत्नीची पेन्शनही त्याच रकमेवरून ठरते. हे ऐकून वहिनी म्हणाल्या, “माझे हातपाय चालतात तोवर अर्ज राहू द्या.” आता ते बांधव एका दुकानात दुपारचा हिशेब लिहितात. घरात दुखणे असेल, चूल अडली असेल, तर आधी पेन्शन घेण्यात कमीपणा नाही. मात्र सही करण्यापूर्वी आकडा समजून घ्यावा आणि तो पत्नीसमोर मांडावा.

तथागतांनी दीघजाणु नावाच्या संसारी कोलियाला हेच सांगितले होते. कष्टाने मिळवावे, मिळवलेले राखावे, चांगल्यांची संगत धरावी आणि आवक पाहून खर्च करावा. निवृत्तीची रक्कम हाती येताच भिशीवाले, जादा व्याजवाले आणि लग्नाचा मांडव मोठा करा म्हणणारे पाहुणे एकदमच दारात येतात. तेव्हा या चार गोष्टी आठवाव्यात.

तिसरी गोष्ट वेळेची. वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांना दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. नोव्हेंबर 2014 पासून तो बोटाच्या ठशावरही देता येतो. पण ज्या हातांनी जन्मभर भांडी घासली, गटारे उपसली, त्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात. यंत्र ठसा घेत नाही आणि आजी रिकाम्या हाताने परत येते. आता मोबाईलवर चेहरा दाखवूनही दाखला देता येतो, हे तिला कोण सांगणार? सरकारी पेन्शनवाल्यांची गर्दी नोव्हेंबरात असते. कर्मचारी पेन्शन योजनेचा दाखला वर्षात केव्हाही चालतो आणि दिल्या दिवसापासून वर्षभर टिकतो, हेही पुष्कळांना ठाऊक नसते.

हे काम मोकळ्या झालेल्या बांधवांनी अंगावर घ्यावे. बुद्धविहारात एक वही ठेवावी. नाव, दाखल्याची मुदत, सोबत कोण जाणार, एवढ्या तीन ओळी पुरेत. पौर्णिमेच्या वंदनेनंतर ती वही सर्वांसमोर वाचावी. एका म्हातारीची अडलेली पेन्शन सुरू झाली, तर त्या महिन्याचे तिचे औषध चुकणार नाही.